शेतकऱ्याच्या हातातला पाना काढून घेऊ नका

मिनी ट्रॅक्टर घेतलेल्या शेतकऱ्याला हल्ली एक उपदेश चहूकडून ऐकावा लागतो. शोरूममधला विक्रेता तो करतो, कृषी प्रदर्शनातल्या स्टॉलवर तो कानी पडतो, यांत्रिकीकरणावरच्या भाषणांत तर तो ठरलेलाच असतो. ट्रॅक्टर स्वतः उघडू नका. दुरुस्ती अधिकृत सर्व्हिस सेंटरवर सोडा. औजार कंपनीचेच घ्या. गावातल्या वेल्डिंगवाल्याने लोखंड जोडून दिलेली औजारे धोक्याची असतात, ट्रॅक्टरचे आयुष्य कमी करतात, वॉरंटी घालवतात आणि शेवटी महागच पडतात. शेतकऱ्याने शेती बघावी, यंत्राचे काम यंत्रवाल्यांवर सोडावे.

असे सांगणारे सगळेच मालाच्या खपासाठी बोलतात असे मी मानत नाही. त्यांच्यातल्या काहींनी उलटलेला ट्रॅक्टर पाहिला आहे, इंजिनाच्या जोरावर औजार फिरवणाऱ्या पीटीओच्या शाफ्टमध्ये गुरफटलेला माणूस पाहिला आहे. त्यांची काळजी खरी आहे, म्हणूनच त्यांना मुद्द्याला धरून उत्तर द्यायला हवे. माझे म्हणणे असे की यंत्राला कोणाचा हात लागला यावरून धोका ठरत नाही, त्या हाताला काय ठाऊक होते यावरून ठरतो. आणि ते ठाऊक करून द्यायचे काम ज्यांचे आहे, तेच आज शेतकऱ्याला हात आखडायला सांगत आहेत.

आधी शेताकडे पाहू, कारण या उपदेशात शेत कुठेच नाही. २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार महाराष्ट्रातल्या वहितीधारकाकडे सरासरी १.३४ हेक्टर जमीन आहे. पंधरा ते पंचवीस अश्वशक्तीचा ट्रॅक्टर इथे आला तो या आकारामुळे आणि पिकांच्या ओळींमुळे. द्राक्षबागेत दोन ओळींमध्ये नऊ-दहा फूट, त्यातून वेलींचे ओलांडे आणि तारा दोन्ही बाजूंनी पुढे आलेल्या. कापसात कुठे चार फूट, कुठे तीन. उसाची सरी एका गावात चार फुटांची, शेजारच्या गावात साडेचार किंवा पाच. हळदीचे गादीवाफे कोणी रुंद सोडतो, कोणी अरुंद. सोयाबीनला रुंद वरंबा आणि सरी काढायची तर त्याची मापे आणखी निराळी. मुरमाड माळावरचा फण आणि काळ्या चिकट रानातला फण एक असू शकत नाही. काळ्या रानात माती फणाला लपेटते, माळावर फणाचे टोक आठवड्यात झिजते.

कंपनीचे औजार एका साच्यातून निघते. त्यात कंपनीचा दोष नाही, साच्याचा धर्मच तो आहे. पण त्या साच्यातले औजार आपल्या ओळीत बसवण्याचे काम कोणाला तरी करावेच लागते. फणाचे क्लँप सरकवणे, दांडी सहा इंचांनी लांब करणे, पासेला दुसऱ्या कोनात पट्टी लावणे, चाकाच्या वाटेवर येणारा फण काढून त्याची जागा बदलणे, ही कामे गावातच होतात आणि गावातच व्हायला हवीत. द्राक्षपट्ट्यातला फवारणीचा ब्लोअर घ्या. युरोपातल्या बागांत वेल बहुतेक उभ्या भिंतीसारखा चढवलेला असतो, म्हणून तिकडच्या रचनेचा ब्लोअर हवा आडवी फेकतो. आपल्याकडे मांडव आहे, वाय पद्धत आहे. पानोळा डोक्यावर पसरलेला असतो आणि घड त्याखाली लोंबतात. नोझलचे कोन बदलल्याशिवाय, हवेची दिशा वर वळवल्याशिवाय औषध पानांच्या खालच्या बाजूला पोहोचत नाही. हे बदल बागाईतदारांनी आणि त्यांच्या शेजारच्या वर्कशॉपवाल्यांनी प्रत्यक्ष बागेत उभे राहून केले. नाशिक जिल्ह्यातल्या राजेंद्र जाधव यांचे ‘यशवंत’ हे ट्रॅक्टरवर चालणारे फवारणी यंत्र २०२० मध्ये करोनाच्या साथीत रस्ते आणि वस्त्या निर्जंतुक करायला वापरले गेले आणि राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानने त्याची दखल घेतली. फवाऱ्याचा झोत कुठे आणि किती जायला हवा, याचा अभ्यास शेतकऱ्यांच्या घरांत आधीच झालेला होता.

हे काही आजचे नाही. तिफण, पाभर, कुळव, वखर ही औजारे गावच्या सुताराने आणि लोहाराने घडवली आणि त्यांच्या फणांमधले अंतर गावागणिक, पिकागणिक बदलत गेले. पाभरीच्या दिंडाला कुठे भोक पाडायचे हे जमीन पाहून ठरे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ मध्ये लोखंडी नांगर केला तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते असे म्हणत शेतकरी तो घेईनात, आणि पहिले नांगर खपायला दोन वर्षे लागली, ही गोष्ट आपण शेतकऱ्याच्या हटवादीपणाचा नमुना म्हणून सांगतो. पण ते लक्ष्मणरावही बेळगावात सायकली विकत आणि दुरुस्त करत यंत्रांकडे वळलेले होते, हे सांगायचे आपण विसरतो.

शेजारच्या गुजरातेतले उदाहरण तर सगळ्या जगाने पाहिले. अमरेली जिल्ह्यातले मनसुखभाई जगानी यांनी १९९४ च्या सुमारास, दुष्काळात बैल परवडेनासे झाले तेव्हा, बुलेट मोटारसायकलच्या मागे औजारांची जोडणी बसवली. तिला भारतात आणि अमेरिकेतही पेटंट मिळाले. औजार बनवणाऱ्याला ज्ञान नसते, असे ज्यांना वाटते त्यांनी हे पेटंट कोणत्या विद्यापीठातून निघाले ते शोधावे.

आता पैशाचा मुद्दा. ‘गावठी दुरुस्ती स्वस्त वाटते, पण महाग पडते,’ हे वाक्य ज्याने वाफशाची वाट पाहिली नाही त्याचे आहे. पाऊस उघडतो, रान वाफशावर येते आणि कोळपणीला तीन-चार दिवस मिळतात. कधी दोनच. सोयाबीनमधले तण पहिल्या चाळीसेक दिवसांत आवरले नाही तर पुढे कितीही मजूर लावा, गेलेले उत्पादन परत येत नाही. अशा वेळी डिझेल लाइनमध्ये हवा शिरून ट्रॅक्टर बंद पडला आणि मेकॅनिक परवा येतो म्हणाला, तर त्या शेतकऱ्याचे नुकसान सर्व्हिसच्या बिलात मोजता येणार नाही. फिल्टरवरचा स्क्रू सैल करायचा, हाताने पंप मारून बुडबुड्यांशिवाय डिझेल येईपर्यंत हवा काढायची आणि स्क्रू आवळायचा, एवढेच ते काम. ते ज्याला येते त्याची कोळपणी त्याच सकाळी पुढे सरकते. एअर क्लीनर धुणे, फॅन बेल्टचा ताण पाहणे, क्लचच्या पेडलची मोकळी चाल जुळवणे, ग्रीस भरणे, ठरलेल्या तासांनी ऑइल बदलणे, रोटाव्हेटरची झिजलेली पाती बदलणे ही कामे शिकायला एक उन्हाळा पुरतो. मिनी ट्रॅक्टरचे इंजिन अजून बहुतांशी साध्या यांत्रिक फ्युएल पंपावर चालते. उत्सर्जनाची ट्रेम चार ही कडक पातळी जानेवारी २०२३ पासून पन्नास अश्वशक्तीच्या वरच्या ट्रॅक्टरना लागू झाली, छोटे त्यातून बाहेर राहिले. म्हणजे ज्या यंत्रात मालकाला समजण्यासारखे सगळ्यात जास्त शिल्लक आहे, त्याच यंत्रापासून त्याला दूर राहायला सांगितले जात आहे.

सगळेच घरी करावे असे मी म्हणत नाही. इंजेक्टरमधून डिझेल दोनशे बारच्या आसपासच्या दाबाने सुटते. तो फवारा हाताच्या कातडीतून आत शिरतो, वरून टाचणी टोचल्याएवढी खूण दिसते आणि आत बोट सडायला लागते. नोझलची तपासणी पंपवाल्याच्या टेस्टरवरच व्हावी. हायड्रॉलिकच्या नळीची गळती बोटाने चाचपू नये, पुठ्ठा धरून पाहावी. ब्रेक, स्टिअरिंगचे जोड आणि ठोकून घडवलेल्या लोअर लिंकचे डोळे यांना वेल्डिंगचा रॉड लागता कामा नये. ही मर्यादा मी विरोधकांना खूश करायला सांगत नाही. ज्यांनी आयुष्यभर दुरुस्ती केली असे गावोगावचे मिस्त्री ही मर्यादा पाळतात आणि नव्या पोरांना पहिल्याच दिवशी सांगतात. अधिकृत सेंटरचा गणवेश त्यांच्या अंगावर नाही एवढ्यासाठी त्यांचे सांगणे कमी दर्जाचे ठरत नाही.

धोक्याचा मुद्दा सगळ्यात वजनदार आहे, म्हणून त्यावर थांबतो.

घरी बनवलेल्या औजाराने ट्रॅक्टर उलटतो, असे म्हणतात. उलटतो, हे खरे आहे. पण का उलटतो? मागे लटकवलेले वजन तराजूच्या दांडीसारखे काम करते. मागचा धुरा टेकू होतो आणि पुढची चाके हलकी होतात. आठशे किलोचा मिनी ट्रॅक्टर घ्या, पुढच्या आणि मागच्या धुऱ्यात दीड मीटर अंतर धरा, पुढच्या चाकांवर ३२० किलो भार आहे असे समजा. दोनशे किलोचे औजार उचलले आणि त्याचे वजन मागच्या धुऱ्यापासून १.२ मीटर मागे पडत असेल, तर दोनशेला १.२ ने गुणून दीडने भागा. पुढच्या चाकांवरून १६० किलो उचलले गेले, १६० उरले. म्हणजे ट्रॅक्टरच्या एकूण वजनाचा फक्त पाचवा हिस्सा, आणि स्टिअरिंग ताब्यात राहायला पुढे निदान एवढा भार लागतो असे मानले जाते. बांध चढताना किंवा खड्ड्यात धक्का बसताना तोही सुटेल. आता तेच औजार एक फूट पुढे घेतले, म्हणजे अंतर नव्वद सेंटिमीटर केले, तर १२० किलोच उचलले जातात. पुढच्या बंपरवर चाळीस किलोचे वजन धुऱ्याच्या अर्धा मीटर पुढे टांगले तर पुढच्या चाकांवर त्रेपन्न किलोंची भर पडते. हा हिशेब आठवीतल्या मुलाला येतो. मिनी ट्रॅक्टर विकताना कंपनी लिफ्टची क्षमता किलोत ठळक छापते, पण वजन किती मागे गेले की ती क्षमता कामाची राहत नाही, हे कोणत्या मराठी माहितीपत्रकात एवढ्या उघडपणे लिहिलेले असते?

मागच्या बाजूला पूर्ण उलटण्याचा प्रकार याहून भयंकर. अडकलेले झाड किंवा रुतलेली ट्रॉली ओढायला दोरखंड टॉप लिंकच्या ब्रॅकेटला, म्हणजे धुऱ्याच्या वर बांधला, की चाके रुतून राहतात आणि ट्रॅक्टर स्वतःच धुऱ्याभोवती वर चढतो. चालकाला क्लच दाबायला सेकंदाचाही वेळ मिळत नाही. पूर्वीचे फोर्डसन ट्रॅक्टर नांगर दगडाला अडकला की असेच उलटत. त्यावरचा उपाय म्हणजे आज प्रत्येक ट्रॅक्टरमागे दिसणारी तीन टोकांची जोडणी. ती काढली हॅरी फर्ग्युसनने. १९२६ मध्ये तिचे पेटंट झाले आणि १९३९ मध्ये ती फोर्ड-फर्ग्युसन ट्रॅक्टरवर बाजारात आली. फर्ग्युसन आयर्लंडमधल्या शेतकरी घरातला, बेलफास्टमध्ये मोटार गॅरेज चालवणारा माणूस. औजार ट्रॅक्टरवर कसे बसावे हा प्रश्न त्याने गॅरेजमध्ये सोडवला. सुरक्षिततेच्या नावाने गॅरेजवाल्यांना बाजूला सारणाऱ्यांनी आपल्या ट्रॅक्टरचा मागचा भाग एकदा नीट पाहावा.

त्या जोडणीची मापे आता जगभर ठरलेली आहेत. पहिल्या वर्गाच्या जोडणीत खालच्या पिना २२ मिलिमीटर, वरची १९, खालच्या दोन टोकांतले अंतर ६८३ मिलिमीटर. अरुंद ट्रॅक्टरसाठी तेच अंतर ४००. या मापांत अँगल कापून, भोके पाडून, चॅनेल जोडून केलेला सांगाडा निफाडमध्ये बनो की लुधियान्यात, तो बसणारच. मापे जर प्रत्येक वर्कशॉपच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावलेली असती, तर वाकडी जोडणी आणि बोटभर ढिल्या पिना निम्म्याने कमी झाल्या असत्या. त्या भिंतीवर आज रॉडच्या कंपनीचे कॅलेंडर आहे. मापांचा तक्ता लावण्याचे काम कोणाचे होते?

पीटीओचेही तसेच. मिनिटाला ५४० फेरे म्हणजे सेकंदाला नऊ. पस्तीस मिलिमीटरचा शाफ्ट सेकंदाला जवळपास एक मीटर कापड गुंडाळतो, आणि त्याच्या जोडावरचे बोल्ट त्याहून जास्त. धोतराचा सोगा असो की साडीचा पदर, ओढून घेण्यापूर्वी हात पुढे करायलाही वेळ नसतो. शाफ्टवरचे प्लास्टिकचे गार्ड फुटले की शेतकरी ते काढून टाकतो, ही तक्रार शंभर टक्के खरी आहे आणि यात शेतकऱ्याचाच दोष आहे. मात्र नवे गार्ड तालुक्याच्या दुकानात मिळते का, हेही त्याच दमात विचारा. शिअर बोल्टचेही पाहा. रोटाव्हेटरला दगड लागला की गिअरबॉक्सच्या आधी तो बोल्ट तुटावा म्हणूनच मुद्दाम मऊ ठेवलेला असतो. तो सारखा तुटतो म्हणून माणूस हाय टेन्साइल बोल्ट घालतो आणि महिन्याभरात गिअरबॉक्स फोडून घेतो. हे अज्ञान आहे. पण ज्याने मशीन विकले त्याने हा बोल्ट मऊ का आहे हे एका वाक्यात सांगितले असते, तर हे घडले नसते. कमानपाट्याच्या पोलादाचे फण सांगाड्याला वेल्ड केले की जोडाच्या कडेला चिरकतात, म्हणून ते क्लँपने आणि बोल्टने बसवायचे, हे गावचा लोहार जाणतो. त्याला कुणी शिकवले नव्हते. हजारो फण त्याच्या हातून तुटले, तेव्हा कळले. ही किंमत प्रत्येक पिढीला पुन्हा मोजायला लावणे मला मान्य नाही.

विरोधक म्हणतात, म्हणूनच तर तयार माल घ्या. तयार मालाचा इतिहास काही निर्मळ नाही. मळणी यंत्रांत शेतमजुरांचे हात तुटायला लागले तेव्हा संसदेला १९८३ मध्ये धोकादायक यंत्रांचा कायदा करावा लागला. ती यंत्रे विकत घेतलेली होती, बिलासकट. त्यांतली पुष्कळशी छोट्या कारखान्यांत बनलेली होती, असे कोणी म्हणेल, आणि ते खरे आहे. पण मग उपाय काय झाला तेही सांगावे. यंत्राच्या तोंडाची, पेंढी आत सारण्याच्या भागाची रचना कशी असावी याची मानके ठरली, आणि छोटे कारखाने त्या मानकांप्रमाणे तोंडे बनवू लागले. छोट्या कारखानदाराचा हात बांधून कोणाचे बोट वाचले नाही. स्वीडनने १९५९ मध्ये नव्या ट्रॅक्टरना उलटताना चालकाला वाचवणारा सांगाडा सक्तीचा केला आणि तिथले मृत्यू उतरत उतरत नगण्य झाले. शेतकऱ्यांना दुरुस्ती करू नका असे सांगून हे साधलेले नाही.

वॉरंटीचा धाकही तपासून घेतला पाहिजे. तीन टोकांच्या जोडणीला टांगलेले कोळपे इंजिनाला हात लावत नाही. कोळपे गावच्या वर्कशॉपचे आहे एवढ्यावरून हेड गॅस्केटची वॉरंटी नाकारली जाते, तेव्हा औजारामुळे बिघाड झाला हे दाखवण्याची जबाबदारी कंपनीची असली पाहिजे. दुरुस्तीच्या हक्काचा विचार भारत सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये समिती नेमून सुरू केला. तिने ज्या चार क्षेत्रांवर लक्ष दिले त्यांत मोबाइल, घरगुती उपकरणे आणि मोटारींबरोबर शेतीची यंत्रेही आहेत, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात त्यासाठी पोर्टल सुरू झाले. अमेरिकेत हा झगडा पुष्कळ पुढे गेला आहे. कोलोरॅडो राज्याने २०२३ मध्ये शेतीयंत्रांच्या दुरुस्तीच्या हक्काचा कायदा केला. माहिती, सुटे भाग आणि सॉफ्टवेअरची साधने शेतकऱ्याला देणे उत्पादकांना बंधनकारक झाले. जानेवारी २०२५ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने जॉन डिअरवर दुरुस्तीची मक्तेदारी केल्याचा दावा लावला. तिकडचा शेतकरी संगणकाच्या कुलपाशी भांडतो आहे. आपल्याकडे कुलूप अजून लागलेले नाही, आणि लागण्याआधीच हक्क लिहून घेण्याची ही वेळ आहे. पोर्टल असून भागत नाही. प्रत्येक मॉडेलचे सर्व्हिस मॅन्युअल मराठीत हवे, त्यात कोणता बोल्ट किती आवळायचा त्याचे आकडे हवेत, भागांचे क्रमांक हवेत, जोडणीचे आराखडे हवेत. ट्रॅक्टर विकताना चावीबरोबर ते मॅन्युअल दिले जावे.

अनुदानाची गोष्ट मला सगळ्यात जास्त सलते. २०१४-१५ पासूनच्या कृषी यांत्रिकीकरण उपअभियानात औजारांवर साधारण चाळीस ते पन्नास टक्के अनुदान मिळते. ते मिळते मान्यताप्राप्त संस्थेत चाचणी झालेल्या औजारालाच. तत्त्व बरोबर आहे. सरकारी पैसा न तपासलेल्या यंत्रावर जाऊ नये. पण बुदनी किंवा हिसारसारख्या चाचणी केंद्रापर्यंत आपले औजार नेऊन, शुल्क भरून, महिनोन्‌महिने अहवालाची वाट पाहणे तासगावच्या दोन माणसांच्या वर्कशॉपला कधी परवडणार? परिणाम असा की मोठ्या कारखान्याचे औजार अनुदानावर येते, आपल्या ओळीत बसत नाही, मग शेतकरी तेच औजार त्याच वर्कशॉपमध्ये नेऊन कापून घेतो आणि बदलून घेतो. बदलाचा खर्च त्याच्या खिशातून जातो, त्याची चाचणी कुणीच करत नाही. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली इथे चार कृषी विद्यापीठे आहेत, अभियांत्रिकीचे विभाग आहेत. हंगाम संपल्यावर त्यांच्या पथकांनी तालुक्याच्या बाजारपेठेत चार दिवस बसावे. वर्कशॉपवाल्यांची औजारे जागेवर तपासावीत: जोडणीची मापे, वजनाचा केंद्रबिंदू, वेल्ड, फणांचे पोलाद, गार्ड. जे पास होईल त्यावर शिक्का मारावा, जे होणार नाही त्याचे कारण लिहून द्यावे. तपासणीचे अंतर कमी केले की न तपासलेले लोखंड आपोआप कमी होईल.

कौतुक करणाऱ्यांनाही सांगायचे आहे. शहरातल्या सभांमध्ये शेतकऱ्याच्या कल्पकतेची चित्रफीत दाखवली जाते, टाळ्या पडतात आणि लोक घरी जातात. शेतकरी कसेही करून निभावून नेतो म्हणून त्याला काहीच पुरवायला नको, असा अर्थ त्या टाळ्यांतून निघत असेल तर ते कौतुक मला नको. शेंदुर्णीच्या गोपाळ मल्हारी भिसे यांनी सायकलच्या चाकावर कोळपे बसवले, कारण बैलजोडी परवडत नव्हती. त्या कोळप्याचा गौरव करताना त्यांना बैलजोडी का परवडत नव्हती हा प्रश्न बाजूला पडता कामा नये. घरी बनवलेल्या औजाराला मी जागा मागतो ती चांगल्या पोलादासकट, मापांच्या तक्त्यासकट आणि तपासणीसकट मागतो.

आता विरोधकांचा शेवटचा सवाल उरतो. असेच चालले तर उद्या शेतकरी ट्रॅक्टर उलटताना चालकाला वाचवणारा रोल बारही वेल्डिंगच्या दुकानात बनवून घेईल! मनाने बनवून घेऊ नये, हे मी पुन्हा सांगतो. अंदाजाने जोडलेला पाइप उलटताना वाकतो आणि चालकालाच चिरडतो. पण अमेरिकेतल्या व्यवसाय सुरक्षा संस्थेने, एनआयओएसएचने, काय केले ते पाहा. तिथल्या शेतांवर फोर्ड ८-एनसारखे जुने छोटे ट्रॅक्टर होते, त्यांना बार नव्हता आणि कंपनीचा बार महाग पडत होता. संस्थेने स्वस्तात बनवता येईल असा बार प्रयोगशाळेत तपासला, त्याचे आराखडे आणि जोडणीच्या सूचना लोकांसाठी खुल्या केल्या. कोणता पाइप, किती जाड पत्रा, कोणत्या दर्जाचा बोल्ट, कुठे बांधायचा, सगळे लिहून दिले. आपल्या शेतांत फिरणारे बहुसंख्य मिनी ट्रॅक्टर आजही बारशिवाय विकले जातात, आणि मांडवाखाली उभा बार बसत नाही म्हणून बागाईतदार तो मागतही नाही. मोडून खाली करता येईल, द्राक्षाच्या तारांखालून जाईल आणि तालुक्याच्या वर्कशॉपमध्ये ठरल्या मापांत बनेल अशा बाराचा तपासलेला, मराठीत छापलेला आराखडा बुदनीच्या चाचणी केंद्राने आणि राहुरीच्या विद्यापीठाने मिळून काढावा, आणि येत्या छाटणीच्या हंगामाआधी निफाड, दिंडोरी आणि तासगावच्या वर्कशॉपवाल्यांच्या हातात द्यावा.